तुकोबांचा पूल आणि बार्थचा नकार

प्रोटेस्टंट ख्रिस्ती इतर धर्मांकडे कसे पाहतात, असे कोणी विचारले की आधी उलटा प्रश्न करावा लागतो : कुठले प्रोटेस्टंट? रोमन कॅथलिकांच्या बाबतीत ही पंचाईत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ नावाचा जाहीरनामा काढला. हिंदू, बौद्ध, मुसलमान आणि यहुदी यांच्याबद्दल चर्चने काय मानावे, ते त्यात थोडक्यात सांगितले आहे. पटो वा न पटो, बोट ठेवायला कागद आहे. प्रोटेस्टंटांना पोप नाही. लुथरन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, अँग्लिकन, शिवाय अलीकडच्या पेंटेकॉस्टल मंडळ्या; ज्याची त्याची चूल वेगळी. आधार सगळ्यांचा एकच, पवित्र शास्त्र. पण ते जो तो आपल्या डोक्याने वाचतो, आणि त्यातून अशी टोकाची मते निघतात की एक जण दुसऱ्याला ख्रिस्ती मानायलाही तयार होत नाही.

हे अगदी पहिल्या पिढीपासून चालत आले आहे. झुरिकचा धर्मसुधारक उलरिख झ्विंग्ली याने १५३१ साली फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्यासाठी आपल्या श्रद्धेचे निवेदन लिहिले. स्वर्गात राजाला कोण कोण भेटतील, याची त्यात एक यादी आहे. आदाम, नोहा, अब्राहाम, मोशे, पेत्र, पौल ही नावे यायचीच. पण त्यांच्याच पंक्तीला झ्विंग्लीने हर्क्युलिस, थिसियस, सॉक्रेटिस, रोमचा नुमा, केटो आणि सिपिओ यांचीही पाने मांडली! ख्रिस्ताचे नावही ज्यांच्या कानावर गेले नव्हते, अशी ही मंडळी. झ्विंग्ली त्याच वर्षी कापेलच्या लढाईत मारला गेला आणि ग्रंथ पुढे १५३६ मध्ये छापून निघाला. मार्टिन लुथर तो वाचून भडकला. असले काही लिहिणारा झ्विंग्ली स्वतःच परधर्मी झाला, असे त्याने १५४४ मध्ये जाहीरपणे लिहून टाकले. दोघांचे शास्त्र एक, दोघांचा पोपशी झगडा एक, आणि तरी मधे एवढे अंतर.

लुथरला नुसता कडवा ठरवून बाजूला सारणेही बरोबर नाही. १५४२ साली बाझेल शहरात ओपोरिनस नावाच्या मुद्रकाने कुराणाचे जुने लॅटिन भाषांतर छापायला घेतले. संपादक होता झुरिकचा विद्वान थिओडोर बिब्लिआंडर. नगरसभेने छपाई थांबवली आणि मुद्रकाला काही काळ तुरुंगातही टाकले. तेव्हा लुथरने नगरसभेला पत्र लिहून छपाईची बाजू घेतली आणि १५४३ मध्ये निघालेल्या आवृत्तीला स्वतःची प्रस्तावनाही दिली. यात इस्लामबद्दल प्रेम वगैरे काही नव्हते. कुराण उजेडात आले की त्यातले दोष लोकांना आपोआप दिसतील, एवढाच त्याचा हिशेब. पण हेतू खंडनाचा असला, तरी पुस्तक छापले गेले आणि युरोपातल्या वाचकांच्या हाती पडले. खंडन करायचे तर आधी वाचावे लागते, आणि वाचलेले डोक्यात राहते. प्रोटेस्टंट इतिहासात हे पुन:पुन्हा घडलेले दिसते.

जिनिव्हाच्या जाँ कॅल्व्हिनने या प्रश्नाला सैद्धांतिक चौकट दिली. देवाने प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात धर्माचे बीज पेरलेले आहे, हे त्याचे एक म्हणणे. माणसाचे मन म्हणजे अखंड मूर्ती घडवणारा कारखाना आहे, हे दुसरे. म्हणजे बीज देवाचे, पण उगवते ते विकृत. पुढच्या चारशे वर्षांत कोणी या सिद्धांताचा पहिला अर्धा भाग धरून ओढला, कोणी दुसरा.

आता प्रोटेस्टंट विचाराचा गाभा लक्षात घेऊ. माणूस स्वतःच्या पुण्याईने तरत नाही. देव त्याला कृपेने तारतो आणि ती कृपा केवळ विश्वासाने स्वीकारायची असते. हे एकदा मानले की तीर्थयात्रा, नवस, जपमाळ, संतांच्या अस्थींची पूजा, पैसे मोजून घेतलेली पापमोचनपत्रे या सगळ्यांची किंमत शून्य होते. ही हत्यारे रोमशी लढण्यासाठी परजलेली होती. प्रोटेस्टंट मिशनरी हिंदुस्थानात आले तेव्हा तीच हत्यारे त्यांच्या हाताशी होती. मूर्ती, पुरोहित, तीर्थ, प्रायश्चित्त. नावे बदलली, आरोपपत्र तेच राहिले. हिंदू धर्मावरची एकोणिसाव्या शतकातली मिशनरी टीका वाचताना मला तर पुष्कळदा वाटते की हे मुळात युरोपातल्या भाऊबंदकीचे भांडण आहे, आपण मधे सापडलो.

तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला १७०६ साली उतरलेला जर्मन लुथरन बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग हा पहिल्यांपैकी एक. तो तमिळ शिकला, ग्रंथ जमवले, लोकांना प्रश्न विचारले आणि १७१३ मध्ये दक्षिण भारतातल्या देवदेवतांची वंशावळ लिहून जर्मनीला हाले येथे आपल्या वरिष्ठांकडे पाठवली. तिकडून उत्तर आले ते अशा अर्थाचे : तुम्हाला मूर्तिपूजा उखडायला पाठवले आहे, तिथली भाकडकथा युरोपात पसरवायला नव्हे. हस्तलिखित दीडशे वर्षे पडून राहिले आणि १८६७ साली मद्रासेत छापले गेले.

आपल्याकडे हा संघर्ष उभा राहिला तो मुंबईत. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आला. वय पंचविशीच्या आतले. मराठी त्याने झपाट्याने आत्मसात केली, पुढे संस्कृत आणि अवेस्ताही. फेब्रुवारी १८३१ मध्ये त्याचा मोरोभट दांडेकर या शास्त्र्यांशी जाहीर वाद झाला. तो एका बैठकीत आटोपला नाही, अनेक संध्याकाळी चालला. वादानंतर मोरोभटांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ ही पुस्तिका लिहिली. त्यांनी मूर्तिपूजेचे समर्थन तर केलेच, शिवाय ख्रिस्ती शास्त्रालाही उलट प्रश्न विचारले. त्याला उत्तर म्हणून विल्सनने १८३२ मध्ये हिंदू धर्माच्या खंडनाचा इंग्रजी ग्रंथ काढला.

हा ग्रंथ हातात घेतला की एक गोष्ट चटकन नजरेत भरते. विल्सनचे स्वतःचे विवेचन नंतर येते. आधी मोरोभटांच्या पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर छापले आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे पुरते मांडून मग आपले बोलायचे, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची आपल्या शास्त्र्यांची रीत. तीच या स्कॉटिश पाद्र्याने पाळली. भाषा कठोर आहे, काही ठिकाणी ती अपमानास्पदही वाटते. पण समोरच्याला तो बरोबरीचा मल्ल समजतो. साताऱ्याच्या नारायणराव नावाच्या गृहस्थांनी पुन्हा प्रतिवाद केला, तेव्हा विल्सनने १८३४ मध्ये दुसरा ग्रंथ लिहिला. पारशी धर्मावर त्याने १८४३ मध्ये लिहिले ते तर दोन पारशी तरुणांच्या धर्मांतरावरून मुंबई पेटल्यानंतर. याच विल्सनने गिरनारच्या अशोकलेखाचे ठसे ती लिपी उलगडणाऱ्या प्रिन्सेपसाठी मिळवले आणि पुढे तो मुंबई विद्यापीठाचा कुलगुरूही झाला. देव खोटे ठरवायला आलेल्या माणसाने त्याच देशाच्या प्राचीन इतिहासासाठी एवढे खपावे, यात त्याला स्वतःला काही विसंगती वाटत नसावी.

वाद पुढेही चालू राहिले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी गिरगाव चौपाटीवर मिशनऱ्यांशी वाद घालत आणि ऐकायला गर्दी लोटे. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन याने त्या वादांचा वृत्तान्त छापला. पण सगळ्यात अनपेक्षित निष्कर्ष काढला तो पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी. मिशनऱ्यांकडून त्यांनी एकेश्वर आणि समतेचा विचार उचलला, तारण एकाच नावात आहे हा दावा मात्र तिथेच ठेवला. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात त्यांनी कल्पिलेल्या कुटुंबात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी आहे, आणि सगळे एका घरात प्रेमाने नांदतात. विल्सन हे वाचायला असता तर काय म्हणाला असता, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

यानंतर मिशनऱ्यांपुढे एक वेगळीच अडचण उभी राहिली. मूर्ती, पुरोहित आणि कर्मकांड यांच्यावर प्रोटेस्टंटांनी कितीही तोफा डागाव्यात. मराठी संतांनी त्या आधीच डागलेल्या होत्या. तीर्थात नुसत्या बुडी मारणाऱ्यांची, सोवळ्याओवळ्याची, दांभिक बुवांची टर तुकोबांनी जशी उडवली आहे, तशी कुठल्याही पाद्र्याला उडवता आलेली नाही. शिवाय आपल्या पुण्याईवर हक्क न सांगता, पतित म्हणून देवाच्या दारात पडून राहायचे आणि त्याच्या कृपेची वाट पाहायची, ही तर लुथरची भाषा! मग या माणसाचे करायचे काय?

मिशनऱ्यांचे लक्ष तुकोबांकडे तसे लवकर गेले होते. स्कॉटिश मिशनचा जे. मरे मिचेल याने १८४९ मध्येच एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तुकोबांच्या चरित्रावर लेख लिहिला. पण भूमिका बदलायला आणखी अर्धे शतक जावे लागले. मधल्या काळात युरोप-अमेरिकेत बरेच काही घडले होते. मॅक्सम्युलरने पौर्वात्य धर्मग्रंथांची इंग्रजी मालिका काढली होती, १८९३ मध्ये शिकागोला सर्वधर्मपरिषद भरली होती (तिचे निमंत्रण कँटरबरीच्या आर्चबिशपने नाकारले, हेही सांगितले पाहिजे), आणि उत्क्रांतीची कल्पना सगळ्याच विद्यांमध्ये शिरली होती. धर्मही पायरीपायरीने चढत जातो, असे विद्वान म्हणू लागले.

१९१० च्या जूनमध्ये एडिंबरोला प्रोटेस्टंट मिशनांची जागतिक परिषद भरली. सुमारे १२०० प्रतिनिधींत आशियातले वीसही नव्हते. परिषदेच्या आठ आयोगांपैकी चौथा अन्य धर्मांविषयी होता, अध्यक्ष अॅबर्डीनचे डेव्हिड केर्न्स. त्यांनी जगभरच्या मिशनऱ्यांना प्रश्नावली पाठवली : तुम्ही राहता तिथल्या धर्मात खरोखर जिवंत असे काय आहे? लोक त्यातले काय मनापासून जपतात? सुमारे दोनशे जणांनी उत्तरे दिली, आणि वीस-वीस वर्षे खेड्यापाड्यांत काढलेल्या माणसांच्या उत्तरांचा सूर सहानुभूतीचा निघाला. विशेषतः हिंदुस्थानातून आलेल्यांचा.

या सुराला तीन वर्षांनी सिद्धांत मिळाला. कलकत्त्याला काम करणारे स्कॉटिश विद्वान जॉन निकोल फार्कर यांनी १९१३ मध्ये ‘हिंदुधर्माचा मुकुट’ अशा अर्थाच्या नावाचा इंग्रजी ग्रंथ लिहिला. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की मी जुने शास्त्र मोडायला नव्हे, पूर्ण करायला आलो आहे. येशूने हे यहुदी शास्त्राबद्दल म्हटले. फार्करांनी ते हिंदू धर्माला लावले. हिंदू ज्याचा शोध घेत आला त्याची पूर्तता ख्रिस्तात होते, म्हणून ख्रिस्त हा हिंदू धर्माचा मुकुट.

पुण्यात याच वळणाचे निकोल मॅकनिकल होते. १९१९ मध्ये त्यांनी मराठी संतांच्या १०८ अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. आकडा जपमाळेचा, आणि माळ ओवणारा प्रेस्बिटेरियन पाद्री! ज्या मालिकेत हे पुस्तक निघाले तिचे संपादक होते फार्कर आणि तेलुगू मुलुखातले बिशप अझरिया. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट यांनी निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून १९२६ पासून महाराष्ट्रातल्या संतकवींची इंग्रजी भाषांतरमालाच सुरू केली. बहिणाबाईंचे आत्मचरित्र त्यांच्यामुळे १९२९ मध्ये इंग्रजीत गेले. विल्सनपासून अॅबटपर्यंतचा हा प्रवास शंभर वर्षांच्या आतला.

पण हा सिद्धांत खऱ्या अर्थाने जगला तो नारायण वामन टिळकांनी. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात करजगावला जन्मलेले चित्पावन ब्राह्मण. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियनाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाशी ते अडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढचे घरातले रामायण ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या मराठी वाचकाला सांगायला नको. आपण ख्रिस्ताच्या पायाशी तुकोबांच्या पुलावरून आलो, असे टिळक म्हणत. फार्करांच्या मुकुटात आणि टिळकांच्या पुलात फरक आहे, तो नजरेआड करू नये. मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर कोणीतरी वरून ठेवतो. पुलावरून माणूस स्वतःच्या पायांनी चालत येतो, आणि मागचा काठही त्याचाच असतो.

टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग, ओवी आणि कीर्तनात आणली. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ही मात्र मिशनच्या चौकटीबाहेरची उडी होती. १९१९ च्या मेमध्ये टिळक वारले आणि दरबार फार टिकला नाही. सगळ्या धर्मांतरितांची वाट टिळकांसारखी होती, असेही नाही. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी सहा दर्शनांचे खंडन करणारा ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिला. बाबा पदमनजींची लेखणीही हिंदू रूढींवर कोरडे ओढणारीच होती. घर सोडून आलेला माणूस घराबद्दल पाहुण्यापेक्षा कडक बोलतो, तसलाच हा प्रकार.

पूर्ततेचा हा सिद्धांत आजही पुष्कळांना उदार वाटतो. मला तो तितकासा वाटत नाही. त्यात हिंदू सदैव वाटेवरचा प्रवासी असतो, मुक्कामाला कधीच पोचलेला नसतो. त्याच्या धर्मात जे चांगले ते ख्रिस्ताची पूर्वतयारी, जे वाईट ते त्याचे स्वतःचे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे अल्फ्रेड हॉग यांनी हे त्याच काळात हेरले होते. हॉग म्हणजे राधाकृष्णन यांचे तत्त्वज्ञानाचे शिक्षक. त्यांचा आक्षेप साधा होता : हिंदू जे मागतच नाही ते ख्रिस्त पुरवतो, असे सांगून काय उपयोग? कर्मसिद्धांत मानणाऱ्याला मुळात पापक्षमेची गरज भासत नाही. दोन धर्मांचे प्रश्नच वेगळे आहेत, तेव्हा एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर जोडता येत नाही.

तिकडे जर्मनीत मारबुर्गचे लुथरन विद्वान रुडॉल्फ ओटो यांनी नेमकी दुखरी नस पकडली. ते भारतात दोनदा येऊन गेले. घारापुरीच्या लेण्यातल्या त्रिमुखी शिवमूर्तीपुढे ते कसे भारावून उभे राहिले, हे त्यांच्या पत्रांत आहे. १९३० मध्ये त्यांनी भारतातल्या कृपाधर्मावर ग्रंथ लिहिला. रामानुजांच्या परंपरेत दोन मते आहेत. एक मर्कटन्याय : माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, तसा भक्ताचाही थोडा प्रयत्न लागतो. दुसरा मार्जारन्याय : मांजर पिल्लाला मानेला धरून उचलते, पिल्लाने काहीच करायचे नसते. ओटो यांनी दाखवले की लुथरने रोमशी ज्या मुद्द्यावर भांडण केले, त्याच मुद्द्यावर दक्षिणेतले वैष्णव आचार्य आपसांत भांडत होते. मग केवळ कृपेने तारण ही ख्रिस्ती धर्माची एकट्याची मिरास कशी?

याचे सगळ्यात धारदार उत्तर स्वित्झर्लंडच्या कार्ल बार्थने दिले. बार्थ समजून घेताना काळ विसरता कामा नये. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनीतल्या प्रोटेस्टंटांचा एक मोठा गट वंश, भूमी आणि राष्ट्र यांतही देव प्रकट होतो म्हणून त्याच्यामागे गेला. ख्रिस्ताखेरीज अन्यत्रही देवाचे ज्ञान होते, असे एकदा मान्य केले की या दाराने कोण आत शिरेल याचा नेम नाही, हे बार्थने डोळ्यांनी पाहिले. १९३४ मध्ये त्याने सहकारी एमिल ब्रुनर यांच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. तिचे नाव एका शब्दाचे होते : ‘नाही!’ त्याच वर्षी नाझी धोरणाविरुद्धच्या बार्मेन घोषणेचा मसुदाही मुख्यतः त्याच्याच हातचा.

१९३८ मध्ये आपल्या महाग्रंथात बार्थने म्हटले की धर्म म्हणजे अविश्वास. देव स्वतःहून माणसाकडे येतो. ते नाकारून माणूस आपल्या बळावर देवापर्यंत शिडी लावतो, ती धर्म. हे वाक्य पुढे फार गाजले आणि अन्य धर्मांवरचा निकाल म्हणून वापरले गेले. पण बार्थने ते आधी ख्रिस्ती धर्माला लावले होते. चर्च, विधी, धर्मशास्त्र, स्वतः बार्थचे लेखनही त्यात येते. फार्करांच्या दरबारात ख्रिस्ती धर्म सिंहासनावर होता. बार्थच्या न्यायालयात तो इतरांबरोबर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. या एका गोष्टीसाठी मी बार्थला फार्करांपेक्षा जास्त गुण देतो.

मग भक्तीचे काय? बार्थने तो प्रश्न टाळला नाही. त्याच प्रकरणात त्याने तेराव्या शतकातल्या जपानी शिनरानच्या बौद्ध पंथाचा विचार केला आहे. अमिदा बुद्धाच्या कृपेवर केवळ विश्वास ठेवायचा, स्वतःच्या साधनेवर नाही, असे तो पंथ सांगतो. भारतातल्या भक्तिमार्गाचाही बार्थने तिथे उल्लेख केला आहे. हुबेहूब प्रोटेस्टंट वाटणारा असा धर्म जगात आहे, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. फरक काय, तर येशू ख्रिस्त हे नाव. सत्य त्या नावामुळे ठरते, सिद्धांताच्या साम्यामुळे नाही. उत्तर प्रामाणिक आहे, पण इथे युक्तिवाद संपतो आणि नुसती घोषणा उरते. श्रीलंकेचे मेथडिस्ट डी. टी. नाइल्स यांनी सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे. त्यांनी बार्थला विचारले, तुम्ही किती हिंदूंना भेटला आहात? बार्थ म्हणाला, एकालाही नाही. मग हिंदू धर्म हा अविश्वास आहे हे कशावरून? बार्थचे उत्तर : ते अनुभवाआधीच ठरलेले आहे. नाइल्स यांनी मान हलवली आणि हसून विषय सोडला.

हेंड्रिक क्रेमरवर हा आरोप करता येत नव्हता. हा डच पंडित जावामध्ये राहिलेला, इस्लाम आणि जावानी ग्रंथांचा जाणकार. डिसेंबर १९३८ मध्ये मद्रासजवळ तांबरमला जागतिक मिशनरी परिषद भरली, तिच्यासाठी त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की प्रत्येक धर्म हा एकसंध देह असतो; त्यातला एक अवयव कापून दुसऱ्या धर्माच्या अवयवाशी ताडून पाहता येत नाही. तुकोबांची कृपा आणि पौलाची कृपा वरून सारखी दिसली, तरी दोघांचे देव, जग आणि जन्ममृत्यूची कल्पना वेगळी. दोघांत पूल नाही, दरी आहे. तांबरमला हॉग यांनी त्याला विरोध केला. सिद्धांतांची व्यवस्था वेगळी आणि माणसाच्या अंतःकरणातली श्रद्धा वेगळी, असा भेद त्यांनी केला. व्यवस्थेत दरी असेल. पण ख्रिस्ती नसलेल्या माणसाच्या श्रद्धेलाही देव प्रतिसाद देतो, हे नाकारायचे तर आपण प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडे डोळेझाक करावी लागेल. मद्रासच्या चेंचय्या आणि चक्करै या भारतीय ख्रिस्ती विचारवंतांच्या गटानेही त्याच वर्षी क्रेमरला उत्तर देणारे पुस्तक काढले.

पुढची कथा मी भरभर सांगतो, कारण तिच्यातले मुद्दे बरेचसे जुनेच आहेत. १९७१ मध्ये जागतिक चर्च परिषदेने धर्मसंवादाचा विभाग उघडला. त्याचे पहिले संचालक स्टॅन्ली समर्था हे कर्नाटकातल्या कार्कळचे. परिषदेने १९७९ मध्ये संवादाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्याच्या आधीच १९७४ मध्ये लोझान येथे जमलेल्या इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांनी करार करून सांगितले की ख्रिस्त सगळ्या धर्मांतून सारखाच बोलतो हे आम्हाला मान्य नाही. दोन्ही दस्तऐवजांचे अनुयायी आजही आहेत, आणि आपल्याकडच्या बऱ्याचशा नव्या मंडळ्या लोझानच्या बाजूच्या आहेत.

सगळ्यात लांबची मजल मारली ती इंग्लंडच्या जॉन हिक यांनी. तरुणपणी कट्टर इव्हँजेलिकल, पेशाने प्रेस्बिटेरियन पाद्री. १९६७ मध्ये ते बर्मिंगहॅमला प्राध्यापक म्हणून गेले आणि तिथल्या वंशभेदविरोधी कामाच्या निमित्ताने गुरुद्वारा, मशीद, देऊळ, सिनेगॉग असे सगळीकडे जाऊ लागले. १९७३ च्या पुस्तकात त्यांनी कोपर्निकसचा दाखला दिला : सगळे धर्म ख्रिस्ती धर्माभोवती फिरत नाहीत, ख्रिस्ती धर्मासह सगळे देवाभोवती फिरतात. आपल्या कानाला हे ओळखीचे वाटते, कारण सगळ्या नद्या सागराला मिळतात हे आपण शाळेपासून ऐकतो. पण हिक यांचे अंतिम तत्त्व पुढेपुढे इतके निर्गुण होत गेले की त्याला विठ्ठलही म्हणता येईना आणि ख्रिस्तही. वारकऱ्याला सांगा की तुझा विठ्ठल हा त्या अज्ञात तत्त्वाचा फक्त एक मुखवटा आहे. तो काय म्हणेल? हिक सगळ्यांना समान वागवतात खरे, पण कोणालाच त्याच्या शब्दांत खरा मानत नाहीत.

या सगळ्या चर्चेत एक मोठा समाज जवळपास गैरहजर आहे. अमेरिकन मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) काम सुरू केले. तिथल्या मंडळ्या भरल्या त्या प्रामुख्याने महार आणि मांग कुटुंबांनी. उपनिषदांचा मुकुट ख्रिस्त आहे की गीतेचा, हा त्यांचा प्रश्न कधीच नव्हता. ज्या धर्माने त्यांना देवळाच्या पायरीवर येऊ दिले नाही, त्याची पूर्तता ख्रिस्तात होते असे त्यांना सांगणे ही थट्टाच झाली असती. फार्कर बोलत होते ते ब्राह्मणी ग्रंथांशी. अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दिलेल्या व्याख्यानातून पुढे दलित धर्मशास्त्राचा प्रवाह निघाला. त्याने भारतीय ख्रिस्ती विचारवंतांना हेच विचारले : तुम्ही हिंदू धर्माशी संवाद करता म्हणजे नेमका कोणाच्या हिंदू धर्माशी? मला हा प्रश्न बार्थ आणि हिक यांच्या प्रश्नांपेक्षा जास्त टोकदार वाटतो.

ज्यांना या विषयात शिरायचे आहे, त्यांनी जाडजूड जर्मन ग्रंथांपासून सुरुवात करू नये. आधी तुकोबांची गाथा जवळ ठेवावी आणि तिच्या शेजारी टिळकांची ‘अभंगांजली’. मग मॅकनिकल यांची १०८ अभंगांची भाषांतरे पाहावीत. कोणते अभंग त्यांनी घेतले आणि कोणते सोडले, हे तपासावे. विल्सनचा १८३२ चा ग्रंथ मिळाला तर त्यातली मोरोभटांची बाजू आधी वाचावी. बार्थ त्यानंतर.